गुप्तेवहिनींचं बिनवासाचं उलथनं

गुप्तेवहिनींनी सिलिकॉनचं उलथनं आणलं आणि स्वयंपाकाच्या मालनबाईंची पंचाईत झाली.

"तुमचं लाकडी उलथनं घरी न्या. याला डाग नाही, वास नाही! उद्या सत्यनारायणाचा शिरासुद्धा यानंच हलवा. जमत नसेल तर दुसरी बाई बघते मी."

आदल्याच दिवशी त्या नव्या उलथन्यानं सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी झाली होती. मालनबाईंनी ते हळूच हुंगलं. बोलावं तर काम जाणार, न बोलावं तर प्रसाद नासणार! त्यांनी ते वहिनींच्या देखत तीनदा साबणानं घासलं आणि त्यानंच उकळता चहा ढवळून कप पुढे केला.

पहिल्याच घोटाला वहिनींचं तोंड वाकडं झालं. "शी! चहाला सोड्यांचा वास? पातेलं घासलं नव्हतं का हो?"

"पातेलं लख्ख आहे, वहिनी. ढवळलं तेवढं तुमच्या बिनवासाच्या उलथन्यानं."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगून पटलं असतं? शिरा काही नैवेद्याआधी चाखता येत नाही. म्हटलं, देवाला कळायच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं!"