शेवंतीचा शेंडा

नदीकाठच्या एका गावात धोंडाई नावाची माळीण राहायची. देवीचा दसऱ्याचा हार दरवर्षी तिच्याच मळ्यातून जाई. नवरा लवकर गेला, तेव्हा दोन मुलं आणि मळा तिने एकटीने वाढवला. त्यामुळे घरातलं सगळं तीच ठरवायची. मुलं मान हलवत. सुना गप्प असत.

एका वर्षी शेवंती उंच वाढली, पण झाडाला नुसती एकच काडी. फांद्या फुटेनात. इतक्या थोड्या फुलांत देवीचा हार कसा व्हायचा?

धाकटी सून चंद्रभागा धीर करून म्हणाली, "आत्याबाई, शेंडे खुडू या का? माहेरी माझे आबा खुडायचे."

"वाढत्या झाडाचा शेंडा मोडायचा?" धोंडाई दुखावली. "लेकरासारखं जपलंय मी."

"आबा म्हणायचे, शेंड्यातून एक रस खाली उतरतो. तो खालच्या पानांच्या बेचक्यातल्या कोंबांच्या डोळ्यांना सांगत राहतो, थांबा, अजून नाही. ते डोळे मेलेले नसतात, आत्याबाई. ते त्याचं ऐकत असतात."

धोंडाई सुनेकडे बघतच राहिली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. ही पोर एवढं सलग आज पहिल्यांदाच बोलली होती.

"आणि चुकलं तर?"

"तर दोष माझा."

"तुझा एकटीचा कसा? मळा आपला, चूकही आपलीच," धोंडाई म्हणाली, आणि पहिला शेंडा तिने स्वतःच्या हाताने खुडला. बाकीचे दोघींनी मिळून खुडले.

आठ दिवस काहीच झालं नाही. थोरला मुलगा कुरकुरला, "मळा घालवला हिनं."

"तिला करू दे," धोंडाई म्हणाली.

मग पानापानाच्या बेचक्यातून हिरवे कोंब डोकावले. दसऱ्यापर्यंत काड्यांची झुडपं झाली आणि फुलांखाली पानं दिसेनाशी झाली. देवीचा हार धोंडाईने चंद्रभागेच्या हातात दिला. "तूच घेऊन जा," म्हणाली.

त्या संध्याकाळी थोरली सून हळूच जवळ आली. "आत्याबाई, मला विहिरीजवळ मोगरा लावायचाय. फार दिवस मनात आहे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

विचारता विचारताच उत्तर धोंडाईला कळलं. तिने सुनेला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तात्पर्य: ज्याने घर उभं केलं त्याने वेळेवर थोडं मागे सरावं, गप्प राहिलेल्या माणसांनाही मग पालवी फुटते.