सुभानाची राहिलेली फुंक

फार वर्षांपूर्वी, असं लोक आता म्हणू लागलेत. खरं तर तीनच पावसाळे झाले. पण गाव तसं सांगतं, म्हणून मीही तसंच सांगतो.

फार वर्षांपूर्वी आंबेदऱ्यात सुभाना गुरव नावाचा शिंगवाला होता. तो माझा थोरला भाऊ. त्यानं शिंग फुंकलं की घाटातली वाघीण पिलं उचलून पलीकडं जायची, असं म्हणतात. मी ती वाघीण कधी पाहिली नाही.

मग साता समुद्रापार लढाई लागली. गावची तरणी पोरं पलटणीत गेली. दादाही गेला. देवळातल्या जोडीतलं एक पितळी शिंग त्यानं पाठीला बांधून नेलं.

तिकडं बसऱ्याच्या बाजूला पलटण माघारी फिरली आणि वाळूचं वादळ उठलं. भर दुपारी अंधार झाला. नदी कुठं, शत्रू कुठं, कुणाला काही कळेना. तेव्हा दादा नदीकाठच्या टेकाडावर चढला आणि त्यानं परतीचं शिंग धरलं. रानात पांगलेल्या माणसांसाठी आमच्यात ते वाजवतात. सगळे आत आले की शेवटची लांब फुंक मारून मिटवायचं. एक जरी बाहेर असला, तरी मिटवायचं नाही.

पोरं आवाजावर चालत आली. जखमी रांगत आले. शत्रूचे दोघेसुद्धा हात वर करून आले. वाळू त्या आवाजापुढं बाजूला सरायची, असं म्हणतात. आणि त्याच दुपारी इकडं आमच्या घाटात शिंग घुमलं, चरायला गेलेली गुरं आपली आपण घरी आली, असंही म्हणतात. गुरांपाशी मीच होतो. मला वारा ऐकू आला. का शिंगच होतं ते, आता सांगता येत नाही.

सगळे नदीत थांबलेल्या नावेत बसले. दादा आला नाही.

पलटणीतून परत आलेल्या गावच्या हैबतीला मी गळपटीला धरून विचारलं, "दादा मेला का?"

"कसं सांगू? शिंग वाजत होतं."

"थांबलं कधी?"

"आम्ही लांब गेलो, लेका. थांबलं असं नाही म्हणता यायचं."

जाणती माणसं वहिनीकडं गेली. बांगड्या उतरव म्हणाली. ती भाकरी थापत होती. "शेवटची फुंक ऐकली का कुणी?" एवढंच तिनं विचारलं. मग सगळे माझ्याकडं बघू लागले. जोडीतलं दुसरं शिंग माझ्याकडं होतं. तू फुंक, म्हणजे एकदाचं मिटेल, म्हणाले.

मी रागानं शिंग उचललं. मिटवायचंच होतं मला. तोंडाला लावलं, आणि दादा अजून बाहेरच आहे असं वाटलं. पुढं फुंक निघेना.

तेव्हापासून आंबेदऱ्यात परतीचं शिंग कुणी मिटवत नाही. पलटणीतून माणूस आला की तो वेशीवर थांबतो, मी शिंग फुंकतो, शेवटची फुंक सुभानाच्या नावानं राखून ठेवतो. वहिनी तांब्या घेऊन येते. आलेल्याचं तोंड नीट बघते, मग त्याच्या पायांवर पाणी घालते.

"कोण आलंय?" मागून म्हातारी माणसं विचारतात.

"दुसऱ्याचा आलाय," ती सांगते, आणि त्याला वाट करून देते.