डॉक्टरांची जीप आणि सिदूची भीड

एका डोंगरमाथ्यावर सडेवाडी नावाची तीस-बत्तीस घरांची वाडी होती. तिथे सिदू झोरे नावाचा एक माणूस राहत होता. तो म्हशी राखायचा आणि वाडीची जीपही चालवायचा. माणूस कष्टाळू, पण स्वभावाने फार भिडस्त. दुकानदाराने नासके बटाटे दिले तरी ते परत न्यायला त्याला लाज वाटे. "समोरच्याला वाईट वाटंल," असं म्हणून तो नासके बटाटे म्हशीला घाली.

वाडीपासून खालच्या गावापर्यंत सहा किलोमीटरचा लाल मातीचा उतार होता. पावसाळ्यात तिथे असा चिखल होई, की साध्या गाड्या जागच्या जागी चाकं फिरवत बसत. त्या वाटेला चारी चाकं ओढणारी फोर-व्हील ड्राइव्ह जीपच लागे. आजारी माणूस असो, अडलेली बाळंतीण असो, सगळ्यांना तीच दवाखान्यात पोचवी. त्या वर्षी वाडीची जुनी जीप कायमची बंद पडली. पावसाळा दोन महिन्यांवर आला होता.

वाडीने वर्गणी काढली. नवी गाडी परवडणारी नव्हती, म्हणून जुनीच पण धडधाकट जीप शोधून आणायचं काम सिदूवर सोपवलं. तो निघाला, तेव्हा वाडीची सुईण ठकूबाई त्याला वाटेत भेटली.

"सिदू, गाडी घेताना त्वांड उघड बरं का," ती म्हणाली. "भीड भिकेची भन असती. आपल्या वाडीतल्या पारूचे दिवस भर पावसात भरत्यात. तिला ह्याच गाडीतनं न्यायची हाय."

सिदूने मान डोलावली. पण मान डोलावणं त्याला नेहमीच सोपं जाई.

बाजाराच्या गावात इलाही मिस्त्रीचं गॅरेज होतं. सिदू आधी तिथे गेला. मिस्त्रीच्या हाताखाली तीन गाड्या उघडून पडल्या होत्या, त्याला बरोबर यायला सवड नव्हती. त्याने फडक्याला हात पुसले आणि सिदूला समोर बसवलं.

"रंग बघू नगंस. रंग डब्यात मिळतो," मिस्त्री म्हणाला. "इंजिन गार असताना जा आणि तुझ्यासमोर चालू करायला लाव. चारी टायर एका मापाचे हायत का बघ, न्हाईतर फोर-व्हीलच्या गिअरवर ताण येतो. चासीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळव. आणि चारी चाकं लावून गाडी चिखलात घाल. डांबरी रस्त्यावर समद्याच गाड्या शहाण्या असत्यात."

मग त्याने एक जाड स्क्रू ड्रायव्हर सिदूच्या हातात दिला.

"हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडीखाली आडवा हो. ज्या लोखंडी सांगाड्यावर गाडी उभी असती, ती चासी. तिच्यावर कुठं नवा काळा रंग दिसला, तर ह्यानं टोचून बघ. लाजू नगंस."

गॅरेजमधून बाहेर पडतो तोच सिदूला बातमी कळली. त्याच गावचे डॉक्टर उपाध्ये आपली जीप विकणार होते. सिदूला आभाळ ठेंगणं झालं. बारा वर्षांपूर्वी त्याच्या आईला साप चावला होता, तेव्हा याच डॉक्टरांनी तिला वाचवलं होतं. पैसेही घेतले नव्हते. अशा देवमाणसाची गाडी मिळत असेल, तर आणखी काय बघायचं?

डॉक्टरांनी त्याला ओसरीवर बसवलं, पोहे दिले, वाडीतल्या एकेकाची नावाने चौकशी केली. अंगणात हिरवीगार जीप उभी होती. धुऊन पुसून आरशासारखी केलेली. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. सिदूने एक फेरी मारली. कुठे खडखड नाही, धूर नाही.

"माझे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "वाडीसाठी घेतोयस ना? मग बाजारभावापेक्षा कमीच दे. फक्त रविवारपर्यंत थांब. आमची मृणाल बाळंतपणाला आली होती, तिला आणि बाळाला घाटाखाली सासरी पोचवायचंय. ड्रायव्हर सांगून ठेवलाय. सोमवारी गाडी तुझी."

मृणाल दारातच उभी होती. तीन महिन्यांचं बाळ तिच्या खांद्यावर पेंगत होतं.

सिदूने विसार द्यायला खिशात हात घातला. बोटांना आधी स्क्रू ड्रायव्हर लागला.

त्याचा हात तिथेच थांबला. ज्यांनी आईचा जीव वाचवला, त्यांच्या गाडीखाली शिरायचं? त्यांच्या घरचे पोहे खाऊन त्यांच्याच गाडीला टोचून बघायचं? असं करणारा माणूस कृतघ्नच म्हणायचा. पण पाठोपाठ त्याला पारू दिसली. जीपच्या मागच्या बाकावर, उतारावर, पोटाला हात लावून बसलेली. त्याने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला.

"डॉक्टरसाहेब, एक इचारू? रागावू नगा."

"विचार की."

"मी जरा गाडीखाली शिरून बघू का?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "सिदू, मी तुला खराब गाडी देईन असं वाटतं तुला?"

सिदूचे कान तापले. 'न्हाई न्हाई, राहू द्या' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. जन्मभर तो तेच म्हणत आला होता. त्याने ते गिळले.

"तुमच्यावर माझा पुरा इस्वास हाय, साहेब," तो हळूच म्हणाला. "माझी आय तुमच्यामुळं हाय. पर ही गाडी काय तुम्ही घडवल्याली न्हाई. आणि हिच्यात मी एकटा बसणार न्हाई. समदी वाडी बसणार हाय."

डॉक्टरांनी गाडीकडे हात केला. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "बघ."

सिदूने पोतं अंथरलं आणि तो गाडीखाली शिरला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तो चासी ठोकत पुढून मागे सरकू लागला. ठण, ठण, ठण, असा खणखणीत आवाज येत होता. मागच्या डाव्या चाकापाशी आवाज बदलला. थप्. तिथला काळा रंग बाकीच्यापेक्षा नवा होता. सिदूने स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबलं. कुजक्या लाकडात जावं तसं ते मुठीपर्यंत आत गेलं. गंजाचा चुरा त्याच्या तोंडावर पडला.

उजवीकडेही तसंच होतं, थोडं कमी एवढंच.

सिदू तिथेच उताणा पडून राहिला. गाडी घ्यायची नाही, हे ठरलं होतं. पण बाहेर जाऊन सांगायचं काय? 'वाडीला इचारून कळवतो' एवढं म्हटलं तरी सुटका होती. डॉक्टरांना वाईट वाटलं नसतं. कुणालाच वाटलं नसतं. एवढ्यात ओसरीवर बाळ रडलं, आणि सिदूला रविवार आठवला. तो सरपटत बाहेर आला.

"साहेब, गाडी मी घेत न्हाई, ते राहू द्या. पर रविवारी पोरीला आणि लेकराला हिच्यातनं पाठवू नगा. चासी आतनं कुजलीया."

डॉक्टरांना ते खरं वाटेना. गुडघे दुखत असतानाही ते पोत्यावर आडवे झाले. सिदूने दाखवलेल्या भोकात त्यांनी बोट घातलं. बोट सहज आत गेलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते पायरीवर बसले आणि त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं.

"तीन वर्षांपूर्वी बंदरावरच्या एका स्नेह्याकडून घेतली ही," ते म्हणाले. "खारी हवा तिथली. त्याच्या घरी जेवलो होतो. आता याच्या गाडीखाली काय वाकायचं, म्हणून नुसती किल्ली घेऊन निघालो. त्यालाही हे ठाऊक नसेल. त्यानं घेतली तेव्हा तोही वाकला नसेल. हा काळा रंग त्याच्याही आधी कुणीतरी फासला असेल."

मग त्यांनी सिदूचा गंजाने माखलेला हात धरला.

"चाळीस वर्षं मी माणसं तपासली. 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्यालासुद्धा झोपवून पोट दाबून बघितलं. त्यात कधी कुणाचा अपमान झाला नाही. आणि तू गाडी तपासतो म्हणालास, तर मला राग आला! माझं चुकलं, सिदू."

आपल्या प्रश्नाने डॉक्टर कायमचे तुटतील, अशी सिदूला भीती वाटली होती. त्यांनी तर हात धरला होता. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी इलाही मिस्त्री येऊन गेला. त्याने जॅक लावून मागची बाजू उचलायला घेतली, तर चासी करकरली आणि तिला बोटभर चीर पडली. "घाटातल्या पहिल्या मोठ्या खड्ड्यात मागची चाकं निसटली असती," एवढंच तो म्हणाला. मृणालने बाळाला पोटाशी घट्ट धरलं. रविवारी ती एसटीने गेली. बाळ सगळा घाट झोपून होतं.

डॉक्टरांनी ती जीप कुणालाच विकली नाही. थेट भंगारात दिली. मग म्हणाले, "चल सिदू, आता तुझ्यासाठी गाडी शोधू." आणि काठी टेकत ते खरोखरच त्याच्याबरोबर हिंडू लागले.

पहिल्या ठिकाणी ते सकाळी सातलाच पोचले, तरी गाडीचं बॉनेट गरम लागलं. "आत्ताच बाजारातनं आणली," मालक म्हणाला. पण चाकांखाली रात्रीची कोरडी धूळ जशीच्या तशी होती, म्हणजे गाडी जागची हललीच नव्हती. थंड इंजिन काय बोलतं, ते मालकाला ऐकू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी चासीवरचा नंबर कानशीने घासलेला निघाला, म्हणजे गाडी चोरीची असणार. तिथे डॉक्टर चहालाही थांबले नाहीत.

तिसरी जीप एका रोपवाटिकेत होती. रंग उडालेला, बाकाचा कापूस बाहेर आलेला, एक दार सुतळीने बांधलेलं. डॉक्टरांनी नाक मुरडलं. सिदू मात्र पोतं अंथरून खाली शिरला. पुढून मागेपर्यंत ठण, ठण, ठण. वरवरचा गंज होता, पण टोक कुठेच आत जाईना. टायर चारी एका मापाचे होते. नंबर जुळला. थंड इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं.

"मालक, ती तिकडं पाणी साचलंय, तिथं घालून बघू का?" सिदूने विचारलं. या वेळी 'रागावू नगा' म्हणायची त्याला गरज वाटली नाही.

"घाला की," मालक हसून म्हणाला. "मीही घेताना असंच बघितलं होतं."

वाफ्यांच्या कडेच्या चिखलात जीपची मागची चाकं रुतली आणि गरगर फिरू लागली. सिदूने फोर-व्हीलचा दांडा ओढला. तो जरा जड होता, पण लागला. पुढच्या चाकांनी माती पकडली आणि डबक्यातून म्हैस उठावी तशी जीप अंग झटकून बाहेर आली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या आणि सिदूने तिथेच विसार दिला.

आषाढात, भर पावसात, पारूला कळा सुरू झाल्या. सिदूने तिला आणि ठकूबाईला जीपमध्ये बसवलं आणि चारी चाकं लावून गाडी उताराला घातली. निम्म्या वाटेत चिखल चाकांच्या निम्म्यावर आला. जीप घसरली, सावरली, पुन्हा घसरली, पण थांबली नाही. दुपारी दोनच्या सुमारास ते खालच्या दवाखान्यात पोचले.

सिदू बाहेर बाकावर बसून राहिला. तासाभराने दार उघडलं आणि एक नर्स बाहेर आली.

"मुलगी झाली. दोघीही छान आहेत."

सिदू उठून उभा राहिला. "बाई, समदं नीट तपासलंय न्हवं? बाळाचे हात-पाय, समदं?"

नर्सला मुळीच राग आला नाही. ती हसली आणि तिने दार पुरतं उघडलं. "या, तुम्हीच बघा ना." आत ठकूबाईच्या मांडीवर बाळ मुठी आवळून जोरजोरात रडत होतं, आणि ते रडणं ऐकून सिदू पोट भरून हसला.

तात्पर्य: माणसावर विश्वास जरूर ठेवावा, पण वस्तू तपासूनच घ्यावी, कारण भिडेपोटी गिळलेला एक प्रश्न देणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकतो आणि घेणाऱ्याच्याही.