रविवारच्या खुर्च्या

नाशकात हेमांगीबाई ताकभाते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संगणकाची हौस असणाऱ्यांना एका शाळेत जमवत. ज्याला जे येतं, ते त्यानं इतरांना फुकट शिकवायचं. यंदा मोठा मेळावा भरवायचा होता, म्हणून त्या प्रायोजक शोधत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कर्डिले साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी अर्ज न वाचताच बाजूला सारला. "बाई, तुम्ही जमता, मिसळ खाता, गप्पा मारता. त्यात आमच्या कंपनीचा काय फायदा?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "फक्त तुमच्याकडचा सगळ्यात हुशार माणूस बोलवा. तो हे सगळं कुठे शिकला, एवढं विचारते आणि निघते."

साहेबांनी ऐटीत झाकीर मणियारला बोलावलं. तो आत आला आणि बाईंना पाहून साहेबांना विसरलाच. "मॅडम, रविवारी खुर्च्या मी मांडणार. सगळं तुमच्याकडे शिकलो, एवढं तरी करू द्या."

बाई साहेबांकडे वळल्या. "पेरणी आमच्याकडे झाली, कापणी तुम्ही करताय. आता मांडव तेवढा घाला."

साहेबांनी अर्ज पुढे ओढून सही केली. मग हळूच झाकीरला विचारलं, "खुर्च्या मांडायला किती वाजता यायचं?"