हत्तीछाप डबा

सत्तराव्या पानावर महाराजांचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला.

सोनवळचे महाराज रणधीरराव आत्मचरित्र लिहीत होते. काळनदीच्या लढाईपर्यंत आले, तलवार उपसली, आणि पडदा काळा! ही तिसरी खेप. तीन वेळा शत्रू पळायच्या बेतात आला होता आणि तिन्ही वेळा वाचला होता. सगळा राग निघाला राजवाड्याच्या वायरमनवर. ही वायरमन म्हणजे तुळसा. आधी तिचा बाप या कामावर होता, आता ती. राजवाड्यामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई राहत.

"तुळसा, तुझ्या विजेला काय धाड भरलीय?"

"विजेला काही झालं नाही, सरकार. भिंतीतली वीज आधी कॉम्प्युटरच्या पोटातल्या एका डब्यात येते. तो सगळ्यांना लागेल तेवढी वाढून देतो. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात. आपला डबाच कुचकामी आहे. काम वाढलं की मान टाकतो."

प्रधान गजाननपंत घसा खाकरत पुढे आले. कॅबिनेटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरच्या पेटीवर, फुकट मिळतो म्हणून हा डबा त्यांनीच आणला होता.

"सरकार, डब्यावर पाचशे वॉट लिहिलंय. मी स्वतः वाचलंय."

"लिहायला काय जातंय, पंत? शाई काही महाग नाही."

महाराजांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं आणि हट्टाला पेटले. "एवढी शहाणी आहेस तर तूच निवड. गावात तिघे जण हे डबे विकतात. उद्या सूर्यास्तापर्यंत त्यातला भरवशाचा डबा मला दाखव. पण डबा खोलायचा नाही आणि माझ्या कॉम्प्युटरला लावून बघायचा नाही. जळलाबिळला तर माझी एकोणसत्तर पानं जातील. चुकलीस तर नोकरी गेली आणि खोल्याही गेल्या."

तुळसाने खिडकीतून मागच्या खोल्यांकडे पाहिलं. या वयात आईला कुठे नेऊन ठेवायचं?

तिन्ही व्यापारी माल घेऊन हजर झाले. रंगनाथशेठच्या डब्याला सात रंगांचे दिवे होते आणि वर ठळक अक्षरांत हजार वॉट. केवलशेठच्या डब्यावरही हजारच, शिवाय तो उचलताना पंतांना कळ आली. तिसरे हसनभाई मणेर. त्यांचा डबा काळा, साधा. मागे प्लगजवळ हत्तीची छाप, वर फक्त साडेचारशे वॉट, आणि किंमत मात्र बाकीच्यांच्या दुप्पट.

"निम्मं काम आणि दुप्पट दाम?" महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"माझा कौल तर केवलशेठच्या डब्यालाच," पंत कंबर चोळत म्हणाले. "वजनदार माल म्हणजे आत भरपूर काहीतरी असणार."

"असेल की. लोखंडाची पट्टी ठेवली तरी वजन येतं," तुळसा म्हणाली. केवलशेठ एकदम छताकडे बघू लागले.

पण संशयावर महाराज ऐकणार नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण कोणताही डबा पुढे केला तरी पंत फाटे फोडणार, हेही दिसत होतं. ती हात जोडून म्हणाली, "सरकार, एक हुकूम द्या. तिघांनी उद्या सकाळी आपापला कॉम्प्युटर दरबारात आणायचा. त्यावर दिवसभर सिनेमा चालेल, मारामारीचा खेळ चालेल. सूर्यास्ताच्या आत ज्याचा कॉम्प्युटर बंद पडला, त्याने सोनवळ सोडायचं."

"मंजूर! आणि तोवर मी माझी पानं वाचून दाखवीन," महाराज खुशीत म्हणाले. दरबारी एकमेकांची तोंडं बघू लागले.

दुसऱ्या दिवशी तीन कॉम्प्युटर मांडले गेले. पडद्यांवर तलवारी खणखणल्या, घोडे दौडले. इकडे महाराजांचं बालपण संपलं, मुंज झाली, पहिली शिकार झाली. जेवणानंतर दरबारी डुलक्या काढू लागले, पण कॉम्प्युटर तिन्ही ताजेतवाने. तुळसाने दिवसभरात पाणीसुद्धा घेतलं नाही.

सूर्य बुडाला. एकही पडदा विझला नव्हता.

"तिघेही पास!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे तुला निवडता आलं नाही. हरलीस तुळसा."

पंतांनी खोल्यांच्या किल्लीसाठी हात पुढेसुद्धा केला.

"सरकार, आता तेवढे तिन्ही कॉम्प्युटर पाठमोरे करा. खोलू नका, नुसते वळवा."

शिपायांनी कॉम्प्युटर वळवले. हसनभाईंच्या कॉम्प्युटरमागे प्लगजवळ हत्ती. रंगनाथशेठच्या कॉम्प्युटरमागेही हत्ती. केवलशेठ आपल्या कॉम्प्युटरपुढे धोतर पसरून उभे राहिले होते. त्यांना बाजूला केलं, तर तिथेही हत्ती!

"तरीच!" हसनभाई म्हणाले. "काल दुपारी दोन अनोळखी नोकर येऊन दोन हत्ती घेऊन गेले. मी म्हटलं, चला, गावाला अक्कल आली."

महाराज तीनदा हत्ती मोजून आले. "पण तू निवड केलीस कुठे?"

"मी कशाला करू, सरकार? ज्यांचा जन्म हे डबे विकण्यात गेला, त्यांनीच केली. गाव सोडायची पाळी आली तेव्हा हजार वॉटवाल्यांनी साडेचारशेवाला लावला. डबा कोणाचा लावायचा, एवढंच मी सांगितलं नव्हतं."

आता मात्र हसू मिशीत मावेना. महाराज पोट धरून हसले, आणि त्यांचं बघून पेंगुळलेला दरबारही खडबडून जागा होऊन हसला.

"आणि या दोन शेठजींचं काय करू?"

"कॉम्प्युटर बंद पडले नाहीत, तेव्हा गाव सोडायला सांगता येत नाही. सत्तराव्या पानापासून पुढचं सगळं त्यांना बसवून ऐकवा."

"ही शिक्षा की बक्षीस गं?"

"ते पुढे पानं किती होतात त्यावर आहे, सरकार."

सगळ्यांनी महाराजांच्या मिशीकडे पाहिलं. मग महाराज असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तुळसाला दिलं, मागच्या दोन खोल्या तिच्या आईच्या नावावर केल्या, आणि राजवाड्याच्या खरेदीचं काम पंतांकडून काढून तिच्याकडे सोपवलं.