कठडा मागितला, कमान आली

सकाळचे बरोबर सव्वासात वाजले होते. एका गावात एक आई भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई वही घेऊन दारात आला.

"वहिनी, ग्रामसभेची सही."

"सभा झाली का?"

"होईल की दुपारी. तुम्ही कशाला उन्हात येता?"

त्या गावची रीतच तशी होती. सभा पंचायतीत, सह्या घरोघरी. पान कोरं होतं, पण तव्यावर भाकरी करपत होती. आईनं पदराला हात पुसले आणि सही केली.

तिच्या जिवाला एकच घोर होता. अंगणवाडीमागच्या विहिरीला कठडा नव्हता, आणि तिची चार वर्षांची लेक खेळता खेळता कुठंही धावायची. कठडा बांधू, असं सरपंचांनी मतं मागताना हात जोडून सांगितलं होतं.

महिन्याभरात गवंडी आले. पण विटा उतरल्या वेशीजवळ! तिथं कमान उभी राहिली, वर सरपंचांचं नाव. त्याच आठवड्यात शेजारणीची शेळी विहिरीत पडून मेली.

आई तडक पंचायतीत गेली. "सरपंचदादा, कठड्याचं काय झालं?"

सरपंचांनी हसत वही उघडली. "गावानंच ठराव केला, आधी कमान. ही सही तुमचीच ना?"

सही तिचीच होती. ठराव मात्र कोऱ्या पानावर मागाहून लिहिला होता. परतताना वाटभर तिला शेळीच्या जागी लेक दिसत होती.

पुढच्या सभेला शिपाई पुन्हा दारात आला.

"सभेत करीन सही," आई म्हणाली. "ठराव ऐकल्यावर."

सासू आतून म्हणाली, "उगं वाकड्यात शिरू नकोस. घरकुलाची यादी त्यांच्याच हातात आहे."

आई घुटमळली. छप्पर गळत होतं, हे खरंच होतं. मग तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि शेजारणीचं दार वाजवलं. "चल गं. शेळी गेली, आता लेकरू जायची वाट बघायची का?"

एकीच्या दोघी, दोघींच्या वीस झाल्या. सभेत सतरंजी पुरली नाही.

"ठराव मोठ्यानं वाचा," आई म्हणाली. ती उभीच राहिली.

ग्रामसेवकानं वाचलं, "कमानीवर दिव्यांची माळ..."

"खोडा ते!" बायका एकदम म्हणाल्या. "कठडा लिहा!"

सगळ्या गावापुढं सरपंच नाही कसं म्हणणार? आधी ठराव लिहिला, मग सह्या झाल्या. पोळ्याआधी कठडा उभा राहिला.

घरकुलाच्या यादीत आईचं नाव त्या वर्षी आलं नाही. तिनं छपरावर ताडपत्री टाकली. पण लेक अंगणवाडीत गेली की आता ती निवांत भाकऱ्या थापते.

तात्पर्य: मत देऊन आपलं काम संपत नाही. सभेला न जाता सही केली, की आपल्या नावानं दुसराच कारभार करतो.

तुमच्या गावची ग्रामसभा कधी आहे ते आजच विचारा, आणि शेजारणीलाही सांगा.