दोरावरची रिकामी जागा

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राने माडांची मुळं अजून उघडी पाडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. सावरभाट नावाच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या गावात बस्त्याव नावाचा घंटेकरी होता. तिथले लोक चर्चला देऊळ म्हणतात. त्या देवळाची घंटा तो वाजवी. धुकं उतरलं की बस्त्याव दोर धरायचा, आणि वाट चुकलेल्या होड्या आवाजामागोमाग घरी यायच्या. त्याची घंटा ऐकून मासेसुद्धा जाळ्याकडे वळत, असं म्हणतात.

एका वर्षी उपासकाळात त्याचा एकुलता एक मुलगा सांतान समुद्रावर गेला आणि धुकं पडलं. बस्त्यावने घंटा वाजवली. तळहात सोलून निघाले तरी वाजवली. सगळ्यांच्या होड्या आल्या, सांतानची आली नाही. लाटेबरोबर त्याचा लाल रुमाल तेवढा आला.

मग पवित्र आठवडा आला. गुरुवारच्या संध्याकाळपासून पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटेपर्यंत घंटा मुकी ठेवायची ही जुनी रीत. त्यासाठी बस्त्याव दरवर्षी घंटेच्या लोळ्याला गोणपाट गुंडाळी. त्या वर्षी त्याने सांतानचा रुमाल गुंडाळला आणि वर होडी बांधायची गाठ मारली. ती गाठ त्यानेच पोराला शिकवली होती.

पास्काची पहाट झाली. मेणबत्त्या घेऊन सारा गाव अंगणात उभा. घंटा वाजल्याशिवाय उपास सुटत नाही, होड्या पाण्यात जात नाहीत. पण बस्त्याव मनोऱ्याच्या पायरीवर बसून राहिला.

"पाद्रीबाबा, जिने माझा पोर परत आणला नाही, तिला मी आनंदासाठी वाजवू? माझ्याने नाही होणार."

मग कैतान नावाचा दांडगा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, वर चढला. गाठ सुटेना. सुरी लावली तर सुरीचीच धार वळली, असं म्हणतात.

"काय रे कैतान," खालून बायका ओरडल्या, "लग्नाच्या पंगतीत तर केवढा जोर असतो तुला!"

"गाठ नव्हे ती, मगरीचा जबडा आहे," म्हणत कैतान घाम पुशीत उतरला.

तेव्हा जाळी विणणारी म्हातारी रेमेदमाय पुढे आली. तिचा नवरा त्याच वर्षी वारला होता. ती बस्त्यावशेजारी टेकली.

"मी घरात रडते, तू इथे रडतोस. एकदा बरोबर रडू. चल, ऊठ."

दोघं वर गेली. गाठ रेमेदमायने सोडली नाही. तिने बस्त्यावचे हात गाठीवर ठेवले आणि त्यांवर आपले ठेवले. गाठ ओल्या वाळूसारखी सुटली. मग दोघांनी मिळून दोर धरला, बस्त्यावची मूठ सगळ्यांत वर. ते पाहून, पाळण्यातलं मूल गेलेली एक सून आली. आई गेलेला एक गडी आला. सगळ्यांनी एकदम दोर ओढला.

तसा टोल आधी कधी झाला नव्हता. किनाऱ्यावरच्या रिकाम्या होड्यांनी आपापली तोंडं देवळाकडे वळवली, असं म्हणतात. आवाज खोल पाण्यावरून लांब लांब गेला. बस्त्याव कान देऊन उभा होता.

"ऐकलं त्याने," तो एवढंच म्हणाला.

सावरभाटला आजही पास्काचा पहिला टोल घंटेकरी देत नाही. ज्या घरचं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरची माणसं दोर धरतात. गर्दी होते, हाताला हात लागतो. तरी सगळ्यांत वर एका मुठीची जागा मोकळी सोडतात. एखाद्या नवख्याने चुकून तिथे हात घातलाच, तर कुणी म्हातारी हळूच सांगते, "जरा खाली धर, बाबा. ती बस्त्यावची जागा."